समुद्र आहे, उतरायला जागा पाहिजे

क्रोएशियाच्या दाल्मेशिया भागात समुद्राला तोटा नाही. बसच्या खिडकीतून समुद्र, खोलीच्या गच्चीतून समुद्र, भाजीबाजार संपतो तिथे समुद्र, चर्चच्या पायऱ्या उतरल्या की समुद्र. रंग असा की आपल्याकडे कॅलेंडरवर छापला असता, तर गिऱ्हाइकानं ‘शाई जास्त झालीय’ म्हणून परत पाठवला असता. तोटा आहे तो त्यात उतरायच्या जागेचा. पाणी समोर, आपण काठावर, आणि मध्ये चुनखडीचा असा खडक की नुसतं टेकायचं म्हटलं तरी तो कुठे बोचणार नाही हे आधी चाचपून बघावं लागतं.

याला कारण आहे आणि ते भूगोलाच्या पुस्तकात आहे. या किनाऱ्याला समांतर डोंगरांच्या रांगा होत्या. शेवटचं हिमयुग ओसरलं, समुद्र चढला, मधल्या दऱ्या बुडाल्या आणि माथे तेवढे वर राहिले. त्या माथ्यांना आता बेटं म्हणतात. अशी बेटं हजारावर आहेत आणि त्यातल्या पन्नासेकांवरच वस्ती आहे. जगात कुठेही असं घडलं तर भूगोलवाले त्याला ‘दाल्मेशियन किनारा’ म्हणतात. थोडक्यात, आपण किनाऱ्यावर उभे आहोत असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात उभे असतो डोंगराच्या उतारावर. पहिलं पाऊल गुडघ्याइतकं, दुसरं गळ्याइतकं आणि तिसऱ्या पावलाला जमीन रजा घेते.

वर चुनखडी पाऊस पिऊन टाकते. पाणी जमिनीच्या पोटातून जातं, नद्या मोजक्या, गाळ थोडा. गाळ नाही म्हणून पाणी काचेसारखं, आणि गाळ नाही म्हणूनच वाळूही नाही. ज्या कारणासाठी लोक इथे पोहायला येतात, त्याच कारणामुळे इथे टॉवेल पसरायला जागा नसते. निसर्गाचा हा हिशेब प्रवास कंपनीच्या पत्रकात छापत नाहीत.

मराठी माणसाची समुद्राबद्दलची समजूत वेगळी असते. समुद्र म्हणजे पुळण. विजारीच्या घड्या, हातात चपला, एका हाताला धाकटी, दुसऱ्या हाताला आत्या, आणि मागून आईची हाक, ‘फार आत जाऊ नका रे!’ पाणी पोटरीला लागलं की समुद्रस्नान झालं. उरलेला वेळ भेळेचा. शिवाय भरती-ओहोटी असते. कोकणातला म्हातारा तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ तोंडी सांगतो. आज अष्टमी ना, मग सहाला. हे शास्त्र घेऊन तुम्ही इथल्या स्प्लिट शहराच्या किनाऱ्यावर उभे राहिलात तर ते पूर्णपणे वाया जातं. मुंबईला उधाणाच्या दिवशी पाणी चार-साडेचार मीटर वरखाली होतं, इथे फूटभर हललं तरी पुष्कळ. सकाळी खडकाच्या ज्या कपारीला पाणी लागलेलं होतं, संध्याकाळीही तिथेच. अष्टमी असो, अमावास्या असो, इथला समुद्र पंचांग बघत नाही.

मग जागा शोधायची कशी? नवखा माणूस मोबाइल काढतो. मोबाइलवर ‘फारशा कुणाला ठाऊक नसलेले’ किनारे असतात. तिथे पोचलं की हे न ठाऊक असलेले किमान चारशे लोक आधीच आलेले दिसतात, आणि जागा अरुंद असल्यामुळे चारशेच्या चारशे एकमेकांच्या कोपराला ओळखू लागलेले असतात. व्हिस बेटावरच्या स्तिनिव्हाचंच घ्या. दोन उंच कडे समोरासमोर येत येत जवळजवळ भिडतात, मध्ये काही मीटरांची फट, आणि आत गोल गोट्यांचा पसाभर किनारा. व्हिसवर युगोस्लाव सैन्याचा तळ होता म्हणून १९८९ पर्यंत परदेशी माणसाला बेटावर पायच ठेवता येत नसे. जे गुपित एका अख्ख्या सैन्यानं इतकी वर्षं सांभाळलं, ते २०१६ साली युरोपातल्या सर्वोत्तम किनाऱ्याच्या मतदानानं फोडलं. स्तिनिव्हा पहिला आला. आता त्या फटीबाहेर होड्या ओळीनं उभ्या असतात आणि माणसं एकेक करून आत पोहत जातात. दर्शनाला आलो आहोत असंच वाटतं, फक्त नारळ नाही.

दुसरा मोह पोस्टकार्डाचा. ब्राच बेटावर बोल गावाजवळ झ्लात्नी रात नावाची एक जमिनीची जीभ समुद्रात शिरलेली आहे. वरून काढलेल्या फोटोत ती सोनेरी वाळूची दिसते. फोटो काढणारा वरून काढतो, चालणारा खालून चालतो. खाली सगळे बारीक खडे आहेत. वारा आणि प्रवाह फिरला की या जिभेचं टोकही फिरतं, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. आमच्या हिनं तिथे पाय ठेवताच पहिला प्रश्न विचारला, ‘अहो, वाळू कुठंय?’ मी म्हटलं, फोटोत.

कायद्यानं किनारा सगळ्यांचा. समुद्रकाठची पट्टी कुणाच्या मालकीची होऊ शकत नाही. पण तिथे खुर्च्या मांडायचा परवाना मिळू शकतो. त्यामुळे खडक फुकट आणि गादी पैशानं अशी वाटणी झालेली आहे. ज्याला फुकटातलं हवं त्यानं पहाटे टॉवेल पसरून जायचं, ही युरोपीय रीत. एसटीत खिडकीतून रुमाल टाकलेल्या माणसाला ती शिकवावी लागत नाही.

या सगळ्या खटपटीनंतर माझं एक ठाम मत झालं आहे. या किनाऱ्यावर पोहायची जागा शोधायची असेल तर समुद्राकडे बघूच नये. म्हाताऱ्या बायकांकडे बघावं.

दाल्मेशियात आजीला नोना म्हणतात. सकाळी सातच्या सुमारास पांढऱ्या केसांच्या दोन-तीन नोना, अंगात सुती झगा, पायात रबरी सपाता, खांद्याला पिशवी, अशा एखाद्या बोळातून समुद्राच्या दिशेनं निघाल्या की त्यांच्या मागे जावं. अंतर राखून जावं, नाहीतर गैरसमज होतो. त्या कधी प्रसिद्ध किनाऱ्याकडे जात नाहीत. पाइनच्या झाडीतून, कुणाच्या तरी कोबीच्या वाफ्याला वळसा घालून, एखाद्या बंद पडलेल्या होडीमागून जातात आणि जिथे पोचतात तिथे काय असतं? खडकावर ओतलेली सिमेंटची एक सपाट लादी, पाण्यात उतरणारी लोखंडी शिडी आणि एक नळ. संपलं. फोटो काढण्यासारखं तिथे काहीही नसतं. म्हणूनच तिथे तरुण माणसं नसतात.

आता या जागेची छाननी करा. दुपारनंतर पाइनची सावली बरोबर लादीवर येते. शिडीच्या खाली सागरसाळू नाहीत. ओढ नाही. होड्या फिरकत नाहीत. कॉफीची टपरी हाकेच्या अंतरावर. हे सगळं आपोआप जुळलेलं नसतं. किनाऱ्यांचा दर्जा ठरवायला युरोपात पाण्याचे नमुने घेतात, निळे झेंडे लावतात, ते सगळं ठीक आहे. पण सत्तरी उलटलेल्या गुडघ्याइतका कडक परीक्षक दुसरा नाही. ज्या शिडीची शेवटची पायरी त्या गुडघ्यानं पास केली, तिथे तुम्ही डोळे मिटून उतरावं.

उतरल्यावर नोना पोहतात असं म्हणणं बरोबर होणार नाही. त्या पाण्यात बसतात. डोक्यावर हॅट, डोळ्यांवर काळा चष्मा, कानात कुड्या, आणि हनुवटीपासून खालचा भाग समुद्राच्या हवाली. केस कोरडे. केस ओले होणं हा तिथे अपघात समजतात. तोंडं आतल्या बाजूला करून त्या गोल करतात आणि बोलायला लागतात. अर्धा तास, पाऊण तास, कुणी कुठे जात नाही, कुणी बुडत नाही. इथल्या आद्रियाटिक समुद्राच्या लिटरभर पाण्यात अडतीसेक ग्रॅम मीठ असतं, मोठ्या महासागरांपेक्षा जास्त, त्यामुळे माणूस थोडा आपोआपच तरंगतो हे खरं. पण नुसत्या मिठानं कुणी इतका वेळ तरंगत नाही. त्याला विषय लागतो. भाषा कळत नसली तरी कुणाच्या सुनेबद्दल चाललंय हे आमच्या हिला दुसऱ्या मिनिटाला कळलं होतं.

हवामान खातंही त्यांच्याकडेच असतं. इथे तीन वारे लक्षात ठेवावे लागतात. उन्हाळ्यातल्या चांगल्या दिवशी दुपारी समुद्रावरून येतो तो माएस्त्राल. तो सुटायच्या आधी, म्हणजे सकाळी, पाणी अगदी निपचित असतं, म्हणून नोना सातला येतात. आग्नेयेकडून येतो तो युगो, दमट, चिकट आणि लाटांबरोबर कुठला कुठला कचरा घेऊन येणारा. युगो सुटला की दाल्मेशियातल्या माणसाचं डोकं दुखतं, कामात लक्ष लागत नाही आणि त्याबद्दल कुणी त्याला बोलतही नाही. जुन्या दुब्रोव्हनिक प्रजासत्ताकात युगोच्या दिवसांत महत्त्वाचे निर्णय घेत नसत असं तिथे सांगतात. आपल्याकडे असा एखादा वारा मंत्रालयाच्या बाजूनं वाहत असावा, पण त्याची नोंद नाही.

तिसरा वारा बुरा. हा डोंगरावरून समुद्राकडे येतो, कोरडा आणि गार. बुरा वाहून गेला की आकाश धुतल्यासारखं होतं, पलीकडच्या बेटावरची घरं मोजता येतात, पाणी नुसतं चमकत असतं. आणि लादीवर कुणीही नसतं. प्रवाशाला वाटतं, काय नशीब! वस्तुस्थिती अशी की बुरा वरचं ऊबदार पाणी आत ढकलून देतो आणि त्या जागी खालचं गार पाणी वर येतं. काल समुद्र बावीस अंशांवर होता, आज तो कुठे असेल ते नशीबवान प्रवाशाच्या किंकाळीवरून ठरवायचं. नोना त्या दिवशी स्वेटर घालून कॉफीच्या टपरीत बसलेल्या असतात. त्यांना किंकाळी ऐकू जाते. त्या हसत नाहीत, पण चमचा जरा जास्त वेळ ढवळतात. या किनाऱ्यावर रिकामी जागा ही संधी नसते, सूचना असते.

पायांचा प्रश्न वेगळा. खडकाच्या फटीफटीत सागरसाळू बसलेले असतात. इथून तिथून काटे, हालचाल जवळजवळ नाही, आणि तुम्हीच त्यांच्या अंगावर गेलात असा एकूण आविर्भाव. भूमध्य सागराच्या काठी जुना समज असा की काळे ते नर आणि जांभळट, तपकिरी त्या माद्या. प्रत्यक्षात त्या दोन निरनिराळ्या जाती आहेत आणि दोन्हींत नर-मादी आहेत. पण तळपायात काटा मोडलेल्या माणसाला हे सांगायला जाऊ नये. काटा निघेपर्यंत प्राणिशास्त्र नको असतं. ऑलिव्ह तेल चोळतात, चिमट्यानं काढतात, आणि प्रत्येक काटा निघताना शेजारचा कुणीतरी ‘साळू असले म्हणजे पाणी स्वच्छ’ असं सांत्वन करतो. उपाय एकच, प्लास्टिकच्या सँडल घालून पाण्यात जाणं. त्या सँडलमध्ये जगातला कुठलाही माणूस देखणा दिसत नाही. ही समता मला फार आवडली.

आमच्याबरोबर आमचे साडू होते. मूळचे बार्शीकडचे. निघण्यापूर्वी सगळ्यांना काळजी त्यांचीच. ‘यांनी आयुष्यात समुद्र दोनदा बघितलाय, दोन्ही वेळा गाडीतून,’ असं मेहुणी म्हणाली. आम्ही कोकणवाले म्हणजे समुद्राचे जाणकार. प्रत्यक्षात झालं असं की आम्ही जाणकार शिडीला धरून, पुळण नाही म्हणून हवालदिल, आणि साडू पहिल्या दिवसापासून घरच्यासारखे.

कारण उघड आहे. बार्शीकडचा मुलगा पोहायला शिकतो तो विहिरीत. पाठीला पत्र्याचा डबा नाहीतर वाळका भोपळा बांधतात आणि थोरला चुलता मागून ढकलतो, हाच अभ्यासक्रम. तिथे पोटरीएवढं पाणी ही कल्पनाच नाही. दगडाच्या काठावरून थेट पुरुषभर, दोन पुरुष खोल. वर यायचं ते दगडातून पुढे आलेल्या पायठणींवरून, बोटांनी फट धरत. थारोळ्यावरून मुटका मारायचा, कठड्यावरून सूर मारायचा, तळाची माती मुठीत घेऊन वर यायचं. दाल्मेशियाचा किनारा म्हणजे हेच सगळं, फक्त समोरची भिंत काढून टाकलेली. गोव्याच्या आणि गणपतीपुळ्याच्या वाळूत वाढलेला माणूस इथे पांगळा. मोटेच्या विहिरीवर वाढलेल्याला मात्र लादी दिसली की पाय शिवशिवतात.

एका गोष्टीला मात्र साडू अडले. काठावर उभे राहून वाकले आणि म्हणाले, ‘तळ दिसतोय हो.’

विहिरीचं पाणी हिरवं. खाली काय आहे ते दिसत नाही, म्हणून भीती नाही. इथे खालचा गोटा न् गोटा दिसतो, दोन गोट्यांमधून जाणारा मासा दिसतो, मासा आपल्याकडे बघतोय तेही दिसतं. शिवाय पाणी वरून बघताना तळ आहे त्यापेक्षा वर आल्यासारखा वाटतो, चार मीटरचं पाणी तीन मीटरचं दिसतं. साडूंनी बार्शीच्या रिवाजाप्रमाणे आधी एक खडा टाकला आणि तो तळाला जाईपर्यंत मनात आकडे मोजले. मग शेजारी पेपर वाचत बसलेल्या एका आजोबांना हातानं विचारलं, किती? आजोबांनी पेपर खाली ठेवला, आपल्या डोक्यावर हात नेला, मग त्याच्यावर आणखी एकदा. दोन पुरुष. जगात मोजमापाची ही एक पद्धत अजून शिल्लक आहे याचं साडूंना बरं वाटलं. त्यांनी चार पावलं मागे घेतली, ‘हर हर महादेव’ म्हटलं, आणि गुडघे छातीशी घेऊन मुटका मारला.

मुटका उत्तम बसला. पाणी पुरुषभर उंच उडालं. पण नोनांचं मंडळ तिथून दहा हातांवर बसलेलं होतं, हे त्यांनी हिशेबात धरलं नव्हतं. तीन हॅट, तीन चष्मे आणि तीन डोकी कोरडे केस, सगळं एका फटक्यात भिजलं. बोलणं थांबलं. त्या मंडळाचं बोलणं थांबल्याचं आम्ही प्रथमच ऐकलं.

‘दाजी, जरा पलीकडं मारायचा की!’ आमची ही काठावरून ओरडली.

साडू वर आले, डोळे पुसले, परिस्थिती बघितली आणि पाण्यातल्या पाण्यात दोन्ही हात जोडले. सर्वांत थोरल्या नोनानं हॅट काढली, पिळली, परत घातली आणि एक लांब वाक्य उच्चारलं. भाषांतर कुणी केलं नाही, गरजही नव्हती. बार्शीत विहिरीवर धुणं धुणाऱ्या बायकांनी त्यांना लहानपणी हेच वाक्य अनेकदा सुनावलेलं होतं. दुसऱ्या दिवसापासून ते शिडीनं, एकेक पायरी मोजत, जावयासारखे उतरू लागले. मुटका मारायची वेळ त्यांनी स्वतःच ठरवून घेतली, साडेनऊनंतर, मंडळ उठलं की.

बाकीच्या जागांबद्दल फार सांगत नाही. दुब्रोव्हनिकला तटबंदीला एक भोक आहे, त्यातून बाहेर पडलं की खडकावर टांगलेलं बुझा नावाचं मद्यालय लागतं आणि त्याच्या पायथ्याशी समुद्र. तिथे पाण्यात उडी मारणाऱ्यांपेक्षा उडीचा व्हिडिओ काढणारे जास्त. झादारला काठाच्या पायऱ्यांखाली नळ्या बसवल्या आहेत, लाटांनी त्यातली हवा ढकलली की सूर निघतात. निकोला बाशिच या वास्तुकारानं २००५ साली ते केलं. शेजारीच पोरं पाण्यात उड्या मारत असतात. पोहताना पार्श्वसंगीत असावं असं वाटणाऱ्यांची तिथे सोय आहे. आणि स्प्लिटमध्ये खरोखरच वाळूचा, उथळ, आपल्या ओळखीचा एक किनारा आहे, बाचवित्से. आम्ही आनंदानं धावलो. तिथे कुणी पोहत नाही. घोट्याएवढ्या पाण्यात पाच जण गोल उभे राहतात आणि एक छोटा चेंडू पाण्याला लागू न देता तळहातानं उडवत राहतात. पित्सिगिन म्हणतात या खेळाला, शंभराहून जास्त वर्षं चाललाय. गुण नाहीत, जिंकणं नाही, हरणं नाही, तरी सुळकांड्या मारून लोक रक्तबंबाळ होतात. अख्ख्या शहरात एक चांगली वाळू, आणि ती यांनी अशी वापरली.

‘एफकेके’ अशी अक्षरं आणि बाण असलेली पाटी दिसली तर मात्र दोन मिनिटं थांबून विचार करावा. साडूंचा अंदाज, खानावळ असेल. ती जर्मन आद्याक्षरं आहेत आणि त्यांचा अर्थ, पुढे कपडे न घालता पोहणाऱ्यांची जागा आहे. इथे ही परंपरा जुनी आहे. १९३६ साली इंग्लंडचा राजा आठवा एडवर्ड राब बेटावर असाच पोहला, असं बेटवाले अभिमानानं सांगतात. आम्ही बाणाच्या मागे वळलो तेव्हा एक निवृत्त जोडपं खडकावर बसून शांतपणे काकडी सोलत होतं. आमचं अख्खं कुटुंब एकाच क्षणी समोरच्या बेटाकडे वळलं. ते बेट आम्ही इतकं निरखून बघितलं की आजही त्यावरची झाडं सांगू शकेन. मेहुणी तेवढी म्हणाली, ‘काकडी छान कोवळी होती.’

साडूंचं लक्ष या सगळ्यात शिडीवर होतं. वाकवलेले दांडे, आत वळलेली टोकं, खडकात बोल्ट मारून रासायनिक गिलाव्यानं पक्कं केलेलं बूड. त्यांनी सगळ्या कोनांतून फोटो काढले, पायरीची रुंदी वितीनं मोजली. साठीनंतर पायठणींवरून चढताना गुडघा धरतो, विहिरीला अशी शिडी पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. फोटो त्याच दुपारी बार्शीतल्या एका फॅब्रिकेटरला गेले. त्यानं अर्ध्या तासात उत्तर पाठवलं. खारं पाणी असेल तर तीनशे सोळा ग्रेडचं स्टेनलेस लागेल, महाग पडेल, गोड्याला साधं चालतंय. किती फुटांची करू?

साडूंनी लिहिलं, पाण्याच्या खाली तीन पायऱ्या जायला पाहिजेत.

तिकडे जूनचा पहिला आठवडा होता. त्यानं विचारलं, ‘दाजी, पाणी कुठंय आत्ता?’